हायब्रिड की ईव्ही : पुण्यातल्या वापरासाठी धुराचा हिशोब (पैशांचा नाही)

तिसरा_गिअर

'ईव्ही म्हणजे शून्य प्रदूषण' आणि 'ईव्ही म्हणजे कोळशावर चालणारी गाडी' ही दोन्ही वाक्यं गाड्यांच्या प्रत्येक धाग्यात हमखास येतात. इथे फक्त आकडेमोड करू. गृहीतकं उघडी ठेवतो आहे. ज्याला एखादा आकडा पटत नाही त्याने तो बदलून पुन्हा गुणाकार करावा. किंमत, टोल, सबसिडी यांचे धागे वेगळे आहेत, कृपया ते इथे नकोत.

तुलना एकाच आकाराच्या गाड्यांची. हायब्रिड म्हणजे ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड (काही वेळ नुसत्या विजेवरही चालणारी पेट्रोल गाडी), ईव्ही म्हणजे ४५ युनिट (किलोवॅट-तास) बॅटरीची टाटा कर्व्ह किंवा तिच्या आसपासची. छोटी ईव्ही आणि मोठी हायब्रिड समोरासमोर उभी करून टाळ्या घ्यायच्या नाहीत.

हायब्रिड : एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा आकडा लिटरला २७.९७ किमी आहे, पण शहरात २० धरू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो सीओटू (कार्बन डायऑक्साइड) निघतो. विहिरीतून काढणं, रिफायनरी, टँकर यांचे २० टक्के वर धरले की २.७६ किलो. भागिले २० म्हणजे किलोमीटरला १३८ ग्रॅम.

ईव्ही : शहरात बॅटरीतून एका युनिटमागे ७ ते ७.५ किमी. चार्जिंगची गळती धरून मीटरवर किमीमागे १६० वॅट-तास. वीज केंद्रापासून सोसायटीच्या मीटरपर्यंत १५ टक्के गळती, म्हणजे केंद्रावर १८८ वॅट-तास. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा देशाच्या ग्रिडचा सरासरी आकडा गेल्या काही वर्षांत युनिटला ०.७१ ते ०.७३ किलो सीओटूच्या आसपास आहे, ०.७२ धरू. उत्तर १३५ ग्रॅम.

म्हणजे चालवताना बरोबरी. वर बॅटरी बनवण्याचा बोजा ईव्हीवर. आता फोडा.

ओहमचा_नियम

दोन दुरुस्त्या, एक इकडची, एक तिकडची.

पेट्रोलवर विहिरीपासूनचे २० टक्के लावलेत, मग कोळशावरही खाण आणि रेल्वे वॅगनचे लावा. प्राधिकरणाच्या आकड्यात फक्त केंद्रातलं जळण येतं. ५ टक्के धरले की ईव्ही १४२ वर जाते.

दुसरी बाब म्हणजे पंपावर आता शुद्ध पेट्रोल नसतं, ई-२० असतं. लिटरमधलं ८०० मिली पेट्रोल, म्हणजे ०.८ गुणिले २.७६ बरोबर २.२ किलो. उरलेल्या २०० मिली इथेनॉलचा जळतानाचा कार्बन उसाने किंवा मक्याने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो धरत नाहीत. पण खत, पाण्याचा पंप आणि डिस्टिलरीचा बॉयलर धरावेच लागतात. बॉयलर बगॅसवर (उसाच्या चिपाडांवर) चालतो की कोळशावर, यावर बरंच अवलंबून आहे. त्यासाठी ०.१ ते ०.२५ किलो ठेवा. एकूण २.३ ते २.४५, भागिले २०, म्हणजे किमीमागे ११५ ते १२३. मधला १२० घ्या.

ई-२०मुळे ॲव्हरेज पडतं हा आक्षेप येईलच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, त्यामुळे मिश्रणात कागदावर ६ ते ७ टक्के कमी. पण वर धरलेलं २० हे आजच्या पंपावरच्या इंधनावरचंच आहे, ते दोनदा वजा करू नये. उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न खराच आहे, पण तो ग्रॅममध्ये बसत नाही.

तिसरा_गिअर

दोन्ही मान्य. बॅटरी जोडून तक्ता असा होतो (किमीमागे ग्रॅम सीओटू).

एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी बनवताना युनिटमागे साधारण ७० किलो सीओटू धरला (कारखाना कुठल्या विजेवर चालतो त्यानुसार ५५ ते १००), तर ४५ युनिटला ३.१५ टन. हायब्रिडची बॅटरी ०.७६ युनिटची, तिचे ६० किलो. गाडी दीड लाख किमी चालली तर ईव्हीवर किमीमागे २१ ग्रॅम, हायब्रिडवर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही.

साधी पेट्रोल, शहरात १२ चं ॲव्हरेज : २००
स्ट्राँग हायब्रिड : १२०
ईव्ही, आजच्या सरासरी ग्रिडवर : १४२ अधिक २१ म्हणजे १६३
ईव्ही, अर्धी वीज ग्रिडची, अर्धी छतावरच्या सोलरची : ७५ अधिक २१ म्हणजे ९६
ईव्ही, सगळी सोलर : ८ अधिक २१ म्हणजे २९

(सोलरचे ८ ग्रॅम कुठले? पॅनल बनवताना लागलेली ऊर्जा त्याच्या आयुष्यभराच्या युनिटवर वाटून.)

आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय वाहतूक-संशोधन संस्थेने २०२१ मध्ये भारतासाठी मध्यम आकाराच्या ईव्हीचा आयुष्यभराचा हिशोब पेट्रोल गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी दाखवला होता. आपले २०० आणि १६३ त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी येतात, म्हणजे पद्धतीत फार मोठा घोळ नाही.

बॅटरीचं कर्ज फिटायला लागणारं अंतर : पेट्रोल गाडीसमोर साधारण ५४ हजार किमी. हायब्रिडसमोर सगळी सोलर असेल तर २७-२८ हजार, अर्धी-अर्धी असेल तर ६९ हजार, आणि फक्त आजच्या ग्रिडवर असेल तर कधीच नाही. माझ्या मते धाग्याच्या शीर्षकातला प्रश्नच अर्धवट आहे. गाडी कुठली याच्या आधी चार्जिंग कुठल्या तासाला आणि कुठून, हे ठरवायला हवं.

उतार_चढाव

ग्रिड गाडीच्या आयुष्यभर आहे तसंच राहील असं का धरलंत? गाडी बारा-पंधरा वर्षं चालणार. प्राधिकरणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय वीज आराखड्यात २०२६-२७ साठी ०.५४८ आणि २०३१-३२ साठी ०.४३० असा अंदाज आहे. आयुष्यभराची सरासरी ०.५५ धरली तर ईव्ही १०९ अधिक २१, म्हणजे १३०. हायब्रिडचे १२० मात्र शेवटपर्यंत १२०च. उलट इंजिन जुनं होईल तसे वाढतीलच.

ओहमचा_नियम

आराखडा कागदावर आहे. प्रत्यक्षात आकडा ०.७ च्या वरच रेंगाळतोय, कारण सोलर वाढतंय तशी मागणीही वाढते आहे आणि संध्याकाळची वाढीव मागणी कोळशावरच भागवावी लागते. ०.५५ ही आशावादी सरासरी आहे. घ्यायला हरकत नाही, पण तिच्यावरही हायब्रिड १० ग्रॅमने पुढेच राहते हे लिहून ठेवा.

किलोवॅट_काका

सरासरीवर भांडण्यापेक्षा घड्याळ बघा. दुपारी १२ ला ग्रिडमध्ये सोलर भरपूर असतं, कोळशाची केंद्रं तेव्हा लोड कमी करून चालवतात. संध्याकाळी ७ ते ११ हा सगळ्यात वाईट काळ : सोलर शून्य, कोयनेसारखी जलविद्युत केंद्रं शिखर मागणीसाठी आधीच जुंपलेली, मग उरलेलं सगळं कोळशावर. आणि नेमकी तेव्हाच माणसं ऑफिसातून येऊन गाडी प्लगला लावतात.

करायच्या गोष्टी :

ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जर असेल (हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात बऱ्याच ठिकाणी आहेत) तर तिथेच दुपारी लावा, घरी नाही. घरून काम असेल तर गाडीच्या ॲपमध्ये किंवा वॉलबॉक्समध्ये (भिंतीवरच्या चार्जरमध्ये) सकाळी ९.३० चं शेड्यूल लावा. महावितरणच्या स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवर घरगुती ग्राहकाला जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. (पैशांचं लिहायचं नव्हतं, पण वेळ तीच आहे.) दुपार जमत नसेलच तर निदान रात्री १२ नंतर. तीही कोळशाचीच वीज, पण शिखर मागणीत भर पडत नाही.

आता गळती. ३.३ किलोवॅटच्या १६ अँपियर सॉकेटवर गाडीतला चार्जर, पंप आणि कंट्रोलर मिळून २००-३०० वॅट सतत खातात, आणि चार्जिंग तेरा-चौदा तास चालतं. ७.२ किलोवॅटवर तेच सहा-सात तासांत उरकतं. त्यामुळे गळती साधारण १५ टक्क्यांवरून १० वर येते. डीसी फास्टवर (बाहेरच्या जलद चार्जरवर) ती चार्जरच्या कॅबिनेटमध्ये आणि बॅटरी थंड ठेवण्यात जाते, फक्त ती तुमच्या मीटरवर दिसत नाही.

३२ अँपियर सिंगल फेजसाठी ६ चौरस मिमी तांब्याची केबल, ३० मीटरपेक्षा लांब असेल तर १० ची. ४० अँपियर सी-कर्व्ह एमसीबी, ३० मिलीअँपियर टाइप ए आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच (वॉलबॉक्समध्ये डीसी गळती ओळखायची सोय नसेल तर टाइप बी), आणि स्वतंत्र अर्थिंग. १६ अँपियर सॉकेट वितळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : गीझरसाठी बसवलेलं स्वस्त सॉकेट. गीझर अर्ध्या तासात बंद होतो, इथे रात्रभर १३-१४ अँपियर ओढले जातात. स्क्रू सैल पडतो, सांधा तापतो, प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. दर सहा महिन्यांनी मेन बंद करून स्क्रू घट्ट करून घ्या. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार पिळून जोडणाऱ्या वायरमनला परत पाठवा.

बिबवेवाडी_२१

आमच्याकडे छतावर सोलर आहे आणि नेट मीटरिंग आहे. रात्री चार्ज केलं तरी बिलात वजा होतं. मग ते सोलरच ना?

किलोवॅट_काका

बिलात, हो. धुरात, पूर्ण नाही. दुपारी तुम्ही ग्रिडला दिलेली वीज तेव्हा दुसऱ्याचा कोळसा वाचवते, त्याचं श्रेय तुम्हाला मिळायलाच हवं. पण ते श्रेय सोलर बसवल्याचं आहे. गाडी हायब्रिड असती तरी तेवढंच मिळालं असतं. ईव्हीचं खातं वेगळं मांडायचं तर गाडी ज्या तासाला चार्ज झाली त्या तासाची वीज धरावी. म्हणून नेट मीटर असला तरी शक्य असेल तेव्हा दुपारीच लावा.

अंदाज हवा असेल तर पुण्यात १ किलोवॅट पॅनल वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतं. वर्षाला १२ हजार किमी गुणिले १६० वॅट-तास म्हणजे १,९२० युनिट. गाडीपुरतं दीड किलोवॅट पुरतं, जागा साधारण दीडशे चौरस फूट.

वरोरा_नाका

पुण्याच्या धाग्यात चंद्रपूर नेहमी 'कुठेतरी लांब' असतं, म्हणून लिहितो. तिथलं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. ग्रॅममध्ये फक्त सीओटू येतो. गंधक, पारा, राख येत नाही.

राखेचा हिशोब सोपा आहे. ईव्हीला १०० किमीसाठी केंद्रावर १८.८ युनिट लागतात. त्यातली ७० टक्के कोळशाची, म्हणजे १३ युनिट. युनिटला साधारण ६५०-७०० ग्रॅम देशी कोळसा, म्हणजे पावणेनऊ किलो. आपल्या कोळशात राख ३५-४० टक्के. १०० किमीमागे तीन किलोच्या वर राख. ती फिल्टरमध्ये पकडली जाते हे खरं, पण पकडून शेवटी टाकतात ती चंद्रपूरच्याच राखेच्या बंधाऱ्यात. सिमेंट आणि विटांना जाते ती वजा करा.

गंधकासाठी एफजीडी यंत्रणा बसवायची अट होती. जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना त्यातून सूट दिली. कर्वे रस्त्यावरची हवा साफ करताना ती वीज कुठून येते, याची एक ओळ तक्त्याखाली असावी.

तिसरा_गिअर

ती ओळ हवीच. आणि हेही खरं की सीओटू कुठेही सोडला तरी परिणाम सारखाच, पण नायट्रोजन ऑक्साइड आणि कणांचं तसं नाही. तिथे अंतर आणि उंची दोन्ही मोजतात : धुराडं दोनशे मीटरच्या वर असतं, तर सायलेन्सर रिक्षात बसलेल्या माणसाच्या तोंडापासून दीड मीटरवर. शहराच्या हवेपुरतं ईव्ही निर्विवाद पुढे. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ या कोळसा केंद्रांजवळच्या हवेपुरतं नाही.

उतार_चढाव

हवेतल्या कणांबद्दल : पुण्यातल्या पीएम-१० मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा आहे आणि ती कोणत्याही गाडीच्या टायरने उडतेच. ब्रेकची धूळ दोघांचीही कमी, कारण दोन्हीकडे रिजनरेशन (वेग कमी होताना वीज परत बॅटरीत भरणं) आहे. टायरची झीज ईव्हीची जास्त : त्याच आकाराच्या हायब्रिडपेक्षा ती ३०० किलोच्या आसपास जड, वर शून्यापासून पूर्ण टॉर्क. हवा कंपनीने दारावरच्या स्टिकरवर दिली आहे तेवढीच ठेवा, दर पंधरा दिवसांनी गार टायरवर तपासा, आणि बदलताना ईव्हीसाठीचेच टायर घ्या. साधे घातले तर रोलिंग रेझिस्टन्स वाढून युनिटमागचे किमी लगेच कमी होतात.

घाटाचा हिशोब मात्र बहुतेक लोक चुकीचा करतात. 'हायब्रिडही उतारावर चार्ज होते' हे खरं, पण किती? खंडाळ्याहून खोपोलीत उतरताना साधारण ५०० मीटर खाली येतो. माणसांसकट १,६०० किलोची हायब्रिड धरा : १,६०० गुणिले ९.८ गुणिले ५०० म्हणजे ७८ लाख जूल, २.२ युनिट. तिच्या ०.७६ युनिटच्या बॅटरीतला वापरता येणारा पट्टा मोजून ०.३ युनिटच्या आसपास. पहिल्या काही वळणांतच बॅटरी भरते, बाकी सगळं इंजिन ब्रेकिंगमध्ये आणि डिस्क तापवण्यात जातं. ईव्ही जड असल्याने तिच्यात २.६ युनिट साठलेले असतात. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध वजा जाता दीड युनिट तरी परत येतं, म्हणजे दहा-अकरा किमीची धाव. अट एकच, बॅटरी १०० टक्के भरलेली नको. सिंहगडावर किंवा महाबळेश्वरला मुक्कामी चार्ज करणार असाल तर ८५-९० वर थांबवा. नाहीतर उतरताना रिजन बंद राहतं आणि नुसते ब्रेक तापतात.

चाळीस_पीएसआय

हायब्रिडचा २० चा आकडा कुणाला मिळत नाही तेही लिहा, नाहीतर लोक घेऊन फसतील.

पहिलं म्हणजे माइल्ड हायब्रिड. पाटीवर 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं असतं, आत फक्त पट्ट्यावरचा जनरेटर-स्टार्टर आणि छोटी बॅटरी. ती गाडी विजेवर चालतच नाही, सिग्नलला इंजिन बंद करते आणि उचल घेताना थोडी ढकलते. ग्रँड व्हिटाराचाच आकडा बघा : माइल्ड मॅन्युअल २१.११, स्ट्राँग २७.९७. वरचा १२० ग्रॅम फक्त स्ट्राँगचा.

दुसरं, छोट्या फेऱ्या. दोन-तीन किमीवर भाजी, शाळा, परत. थंड इंजिनला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि कूलंट तापवायचं असतं, म्हणून बॅटरी भरलेली असली तरी ते चालूच राहतं. डिसेंबरच्या सकाळी ११-१२ अंशांना अशा फेऱ्यांवर ॲव्हरेज १४-१५ वर येतं. म्हणजे १६० ते १७१ ग्रॅम. तिथे हायब्रिडचा फायदा संपला.

तिसरं, बॅटरीची हवा. बहुतेक टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये बॅटरी केबिनच्या हवेने थंड होते, जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशव्या किंवा चादर टाकली, किंवा फिल्टर धुळीने भरला, की मागून पंख्याचा आवाज वाढतो, कंट्रोलर बॅटरी जपायला लागतो आणि इंजिन जास्त वेळ चालतं. सर्व्हिसला फिल्टर काढून साफ केला का, ते विचारा. जॉबकार्डवर आपणहून कुणी लिहीत नाही.

उलट हायब्रिडची खरी जागा म्हणजे चांदणी चौक ते मगरपट्टा अशी रोजची २०-२५ किमीची रखडपट्टी. इंजिन एकदा तापलं की अर्ध्याहून जास्त वेळ बंद असतं आणि २२-२३ सुद्धा मिळतं.

बिबवेवाडी_२१

आणि बॅटरी मेल्यावर? सगळे म्हणतात कचरा होणार.

ओहमचा_नियम

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची. ईव्ही बॅटरीतलं किती साहित्य परत मिळवायचं याची टक्केवारीही ठरलेली आहे : २०२४-२५ ला ७०, पुढच्या वर्षी ८०, २०२६-२७ पासून ९०. अडचण अर्थकारणाची आहे. एलएफपीत कोबाल्ट-निकेल नाही. खाणीच्या दृष्टीने ते चांगलं, पण फोडून हाती फारसं महागडं काही लागत नाही. म्हणून आधी दुसरा वापर (इन्व्हर्टर, सोलरचा साठा), मग भट्टी. भंगारवाल्याला देऊ नका, हायब्रिडचीसुद्धा नाही.

आयुष्य वाढवायचं तर एलएफपी आठवड्यातून एकदा १०० टक्के करा. व्होल्टेज जवळजवळ सपाट असल्याने बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेला) खरी पातळी फक्त टोकाला कळते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची) असेल तर रोज ८० वर थांबवा. कुठली आहे हे मॅन्युअलमध्ये असतं, शोरूममधल्या मुलाला विचारून उपयोग नाही.

नवा_परवाना

माझं रनिंग वर्षाला ४,००० किमी, दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पीयूसी व्यवस्थित. सोसायटीत चार्जर नाही. पर्यावरणासाठी यातलं काय घ्यावं?

तिसरा_गिअर

काहीच घेऊ नका. हॅचबॅकचे किमीमागे १६० ग्रॅम धरले तरी वर्षाला ६४० किलो. नवी गाडी बनवतानाच, बॅटरी सोडून, ५ ते ७ टन सीओटू निघतो. हायब्रिड घेतलीत तर वर्षाला वाचणार १६० किलो, म्हणजे फेडायला तीस वर्षांच्या वर. आहे त्या गाडीचा एअर फिल्टर, प्लग आणि टायरची हवा सांभाळा. गाडी बदलायचीच वेळ येईल तेव्हा सोसायटीत चार्जर आलेला असेल तर लहान बॅटरीची ईव्ही घ्या, २५ ते ३० युनिटची. ४,००० किमीसाठी ४५ युनिटची बॅटरी घेऊन फिरणं म्हणजे रोजच्या भाजीला टेम्पो.

चाळीस_पीएसआय

सहमत. ज्यांना स्वतःचा आकडा काढायचा आहे त्यांच्यासाठी पद्धत :

हायब्रिड : एकाच पंपावर, एकाच नोझलला, पहिल्या ऑटो-कटवर थांबून टाकी भरा. ट्रिप मीटर शून्य करा. निदान तीन टाक्या तसंच करा आणि एकूण किमी भागिले एकूण लिटर. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज बहुतेक वेळा ५ ते ८ टक्के फुगलेलं असतं. मग २,४०० भागिले ॲव्हरेज, म्हणजे किमीमागे ग्रॅम.

ईव्ही : चार्जरच्या लाइनवर डिन-रेलचा सब-मीटर बसवा, गाडीच्या स्क्रीनवरचे युनिट धरू नका, त्यात चार्जिंगची गळती येत नाही. महिन्याचे युनिट भागिले किमी, गुणिले ८९०. (०.७२ भागिले ०.८५, वर ५ टक्के, हजारने गुणून.) सोलरच्या तासांत भरलेले युनिट वेगळे लिहा आणि थेट तुमच्याच पॅनलचे असतील तर ८९० ऐवजी ५० ने गुणा. बाहेर फास्ट चार्जरवर भरलेले युनिट पावतीवरून घ्या. ती नोंद डीसी बाजूची असेल तर ६-७ टक्के वाढवून धरा.

किलोवॅट_काका

सब-मीटर घेताना ४० अँपियर किंवा जास्त क्षमतेचा, क्लास १ चा घ्या आणि तो एमसीबीच्या पुढे, चार्जरच्या आधी बसवा. प्लगमध्ये घालायचे १६ अँपियरचे स्वस्त मीटर यासाठी नकोत. सॉकेटबद्दल वर लिहिलंय तेच त्यांचंही होतं.